पहिल्या खुर्चीवरचा आकडा

आमच्या सोसायटीत एक गृहस्थ दिवाळी अंक काढतात. यंदा ते मला म्हणाले, "पाटणेसाहेब, एवढी वर्षं चाकणला कंपनीत होता. ज्यात तुमचा हातखंडा आहे त्यावर काहीतरी लिहा." मी घरी येऊन हे कौतुकाने सांगितलं. आमची ही भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मग चुकीचा आकडा ठासून कसा सांगावा, यावर लिहा."

म्हणून लिहितो आहे.

मी एकतीस वर्षं प्लॅनिंग खात्यात काढली. बाहेरच्या माणसाला वाटतं, प्लॅनिंग म्हणजे काचेच्या खोलीत बसून मोठमोठे नकाशे वगैरे. तसं काही नसतं. आमची कंपनी पत्रा कापून, दाबून, वेल्डिंग करून दुचाकीचे भाग बनवायची आणि ते जवळच्याच एका मोठ्या कंपनीला पाठवायची. ती मोठी कंपनी माल साठवून ठेवत नाही. आपला टेम्पो पोहोचला की भाग थेट त्यांच्या गाडीला लागतो. टेम्पो पोहोचला नाही तर त्यांची लाइन थांबते, आणि मग जे फोन येतात ते लहान मुलांसमोर घेण्यासारखे नसतात. तर आज किती नग तयार होतील, किती जातील, हे सकाळी सांगणारा माणूस म्हणजे प्लॅनिंगवाला. संध्याकाळी ते का झाले नाहीत हे सांगणाराही तोच.

रोज पावणेनऊला मीटिंग. लांब टेबल, टोकाला प्लांट हेड साहेब, त्यांच्या उजव्या हाताला पहिली खुर्ची माझी. माझ्या शेजारी स्टोअरचे साळुंखे मामा, मग प्रेस आणि वेल्डिंग दोन्ही सांभाळणारा बोऱ्हाडे, आणि सगळ्यात शेवटी, दाराजवळ, क्वालिटीच्या गायकवाड मॅडम. या जागा कुणी ठरवल्या कुणास ठाऊक. पण देवळातल्या देवासारख्या त्या हलत नसत. साहेब घड्याळाकडे बघून विचारायचे, "पाटणे, आज किती?"

मी आकडा सांगायचो. मग मामा म्हणायचे, "एवढ्याला पत्रा आहे का ते बघावं लागेल." बोऱ्हाडे म्हणायचा, "मशीन दोन नंबरचं बंद हाय, आमी बघतो." शेवटी मॅडम म्हणायच्या, "तपासून सांगते." म्हणजे सगळ्यांनी आपापली बाजू सांभाळली आणि वहीत आकडा राहिला माझ्या एकट्याच्या नावावर. पहिल्या खुर्चीवर बसणाऱ्याला सगळ्यात कमी माहिती असते आणि सगळ्यात आधी बोलावं लागतं. ही गोष्ट कळायला मला वीस वर्षं लागली, आणि कळली ती कंपनीत नाही. बसमध्ये, पत्ते खेळताना कळली.

कंपनीची बस देहूरोडहून सुटायची. गायकवाड मॅडम तिथे चढायच्या. त्यांचे वडील तिथल्या लष्करी डेपोत कामाला होते, त्यामुळे मॅडमची शिस्त तिथलीच. साळुंखे मामा आणि मी निगडीला चढायचो. बोऱ्हाडे मोशीला. तो तिथला मूळचा. त्याची जमीन गेली, तिच्यावर इमारती उभ्या राहिल्या, त्यातल्या काही सदनिकांचं भाडं येतं. तरी तो कामावर यायचा. का, म्हणून विचारलं तर म्हणायचा, "घरी बसलो तर बायको भाडेकरूंची भांडणं मिटवाया लावती. त्यापरीस प्रेस शॉप बरं."

मोशीपासून चाकणपर्यंत अंतर फार नाही. पण त्या रस्त्यावर अंतराला काही अर्थ नसतो. चाकणच्या चौकातल्या गर्दीत बस अशी उभी राहायची की आमच्यातल्या काहींची अर्धी नोकरी त्या चौकात झाली असं म्हणता येईल. एकदा वैतागून मॅडमनी पिशवीतून पत्त्यांचा जोड काढला. त्यांचा भाऊ माण गावातल्या आयटी कंपनीत कामाला. त्याने ऑफिसात पोकर शिकून घेतलं आणि रविवारी बहिणीला शिकवलं. मॅडमनी ते आम्हाला शिकवायचं ठरवलं.

तीन पत्ती येणाऱ्याला पोकर अवघड नाही. प्रत्येकाला दोन पानं, झाकलेली. मग मधे पाच पानं उघडी पडतात, आधी तीन, मग एक, मग आणखी एक. आपली दोन आणि मधली पाच, यांतून ज्याची पाच भारी जमतील तो जिंकला. प्रत्येक टप्प्याला एकेकाने क्रमाने बोलायचं. डाव सोडायचा, समोरच्याएवढं लावायचं, नाहीतर वाढवायचं. बस्स.

पैसे लावायचे नाहीत हे पहिल्याच दिवशी ठरलं, कारण साळुंखे मामा माळकरी. पैसे नाहीत म्हटल्यावर वॉशर आले. नटबोल्टखाली घालतात त्या चकत्या. लहान वॉशर एकाचा, मोठा पाचाचा. मामांच्या मांडीवर एक रद्दीतला पत्रा, पत्र्यावर पानं, आणि बस उसळली तरी पानं उडू नयेत म्हणून वर छोटे लोहचुंबक. मामा मात्र खेळायचे नाहीत. फक्त पानं वाटायचे. "खेळणं पाप आहे, वाटणं नाही," म्हणायचे. "वाटणं तर माझा धंदाच आहे. जन्मभर स्टोअरमधून लोकांना वाटतच आलो." मामा मधे बसून वाटत, त्यांच्या डाव्या हाताला खिडकीशी मी, म्हणून पहिलं बोलणार मी. समोरच्या सीटवरून उलटा वळून बसलेला बोऱ्हाडे दुसरा. मामांच्या उजव्या हाताला मॅडम, शेवटी. रोज हाच क्रम.

हे वॉशर तुटके-फुटके, रद्दीत काढलेलेच होते. पण एका संध्याकाळी गेटवरच्या पहारेकऱ्याने माझ्या डब्याच्या पिशवीत हात घातला आणि मूठभर लोखंड बाहेर काढलं. रांगेत मागे दीडशे माणसं. "साहेब, पास?" मी म्हटलं, "हे खेळायचे आहेत." तो म्हणाला, "काय?" मी पुन्हा सांगितलं. अशा वेळी खरं बोलून काही उपयोग होत नाही. शेवटी मामा धावत आले आणि जागच्या जागी 'परत आणण्याच्या बोलीवर' पास फाडला. 'कारण' या रकान्यात त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं: प्रवासात वापर. त्या पासवर प्लांट हेड साहेबांची सही लागली. साहेबांनी सही केली, पण महिनाभर मला बघितलं की ते उगीचच खोकायचे.

खेळात मी रोज हरायचो. मॅडमनी एकदा दया येऊन समजावलं.

"सर, तुम्ही पहिले बोलता. तुमच्या मागे दोघं आहेत, त्यांच्याकडे काय आहे ते तुम्हाला माहीत नाही. मी शेवटी बोलते, मला दोघांचं ऐकून बोलता येतं. म्हणून पहिल्या जागेवरच्याने दहातले आठ डाव सोडून द्यायचे."

"आणि उरलेले दोन?"

"ते खेळायचे. पण भारी पानं असतील तरच, आणि खेळायचं तर आधीच वाढवून खेळायचं. तुम्ही एक वॉशर टाकून 'बघू पुढे काय होतंय' म्हणून बसता ना, ते सगळ्यात वाईट. मागचा वाढवतो, तुम्ही लाजेखातर अजून टाकता, आणि शेवटी पानं खाली ठेवता."

बोऱ्हाडे म्हणाला, "साहेब मीटिंगमधी बी आसंच करत्यात."

सगळे हसले. मीही हसलो. पण ते माझ्या डोक्यात जे शिरलं ते बाहेर निघालंच नाही. मला साक्षात्कार झाला, की एवढी वर्षं मी पहिल्या जागेवरून चुकीचा खेळत होतो. अर्धवट शिकलेल्या माणसाला साक्षात्कार झाला की आजूबाजूच्यांनी सावध व्हावं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी विचारलं, "पाटणे, आज किती?" मी शांतपणे म्हणालो, "आज पास." साहेबांनी चष्मा काढला. मी समजावून सांगायचा प्रयत्न केला, की माहिती पुरेशी नसताना पहिल्याने बोलू नये असं शास्त्र आहे. साहेब म्हणाले, "पगारपण पास करू का?" तिथे आठ डाव सोडायचं तत्त्व संपलं.

मग मी दुसरं तत्त्व धरलं. वाढवून खेळायचं. बोलायचं तर मोठं आणि ठाम. याला मात्र यश आलं! मी छाती काढून "नऊशे" म्हटलं की मामा कुठून तरी पत्रा काढायचे, बोऱ्हाडे बंद मशीन चालू करायचा, आणि संध्याकाळपर्यंत साडेआठशे निघायचे. साहेब खूश. मला वाटलं, विद्या हाती आली. पोकरमध्ये याला काय म्हणतात ते मला माहीत होतं. पानं हलकी असताना भारी असल्यासारखं वाढवणं. ते कधीतरीच करायचं असतं, हेही मॅडमनी सांगितलं होतं. ते मी सोयीने विसरलो.

तेव्हा शॉपमध्ये एक वेल्डर होता, शिंदे. परभणीकडचा, ठेकेदाराकडून आलेला. सकाळी गेटवर मला बघितलं की साहेबांची नक्कल करून म्हणायचा, "साहेब, आज किती?" मी आकडा सांगायचो. तो म्हणायचा, "लावा, होऊन जाईल." आणि व्हायचंही. त्या माणसाचा हात असा होता की वेल्डिंगची ओळ शिवणीसारखी दिसायची.

आता मूळ गोष्टीकडे येतो. इथपर्यंत वेळ काढला तो मुद्दामच, कारण पुढचं सांगायला मला आवडत नाही.

मोठ्या कंपनीची नवी गाडी दसऱ्याच्या आधी बाजारात यायची होती. तिचा सायलेन्सर जागेवर धरणारा ब्रॅकेट आम्ही बनवायचो, आणि भोसरीतला आणखी एक पुरवठादारही. त्यांनी ठरवलं की पुढे हा भाग एकालाच द्यायचा. शुक्रवारी त्यांच्या खरेदी खात्याचे सक्सेना साहेब आमच्याकडे येणार, दोन्ही ठिकाणचं बघून निर्णय घेणार. या ब्रॅकेटच्या लाइनवर आमची बत्तीस माणसं होती. सगळी ठेकेदाराची. भाग गेला तर त्यांचं काम त्या महिन्यात संपणार होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

गुरुवारी संध्याकाळी बोऱ्हाडे माझ्या टेबलाशी आला. एरवी तो उभ्या-उभ्या बोलायचा, त्या दिवशी खुर्ची ओढून बसला. "साहेब, बत्तीस जणं हायेत. शिंद्याची पोरगी आत्ता तिसरीत गेली. उद्या नीट बोला."

मी म्हटलं, "तू काळजी करू नको, भाऊ. उद्या मी खेळतो."

हेच चुकलं. बोलायचं सोडून मी खेळायला गेलो.

शुक्रवारी सक्सेना साहेब आले. त्यांची एक खोड होती. ते प्लांट हेडशी बोलत नसत. टेबलाभोवती क्रमाने प्रत्येकाला विचारायचे आणि वहीत लिहायचे. सुरुवात पहिल्या खुर्चीपासून, म्हणजे माझ्यापासून.

"पाटणेजी, मंगलवार तक कितने सेट?"

त्यांना दोन हजार हवे होते. मंगळवारपर्यंत होणारे धरून आमचे चौदाशे पक्के होते. आणखी सहाशे मॅडमनी रोखून ठेवले होते. कारण त्यातला एक नमुना कापून बघितला तेव्हा वेल्ड पुरेसं आत गेलेलं दिसलं नव्हतं. सांधा कापून, घासून, वर ॲसिड लावलं की आतलं सगळं दिसतं. आणखी नमुने कापायचे होते, ते शनिवारी. म्हणजे सहाशे कदाचित चांगले, कदाचित भंगार. मला हे माहीत होतं. मॅडमनी आदल्या दिवशी मला स्वतः सांगितलं होतं.

मी म्हणालो, "दोन हजार."

नुसतं म्हणालो नाही. हाताची घडी घालून, किंचित हसून म्हणालो. पहिल्या जागेवरून कुणी वाढवलं की मागचे समजतात याच्याकडे भारी पानं आहेत, असा माझा हिशेब. मामांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "मटेरियलची अडचण नाही." बोऱ्हाडे म्हणाला, "व्हय, हुतंय." सक्सेना साहेब लिहीत होते. मग त्यांनी पेन दाराकडे वळवलं. "मॅडम?"

गायकवाड मॅडमनी आधी माझ्याकडे बघितलं. अगदी थोडा वेळ. मी नजर टेबलावर ठेवली.

"चौदाशे," त्या म्हणाल्या. "सहाशे रोखलेत. उद्या कापून बघितल्याशिवाय मी सोडणार नाही."

सक्सेना साहेबांनी माझ्या नावासमोरचा आकडा बघितला, मग मॅडमच्या समोरचा. वही मिटली, चहा घेतला आणि गेले.

शनिवारी दुपारी मॅडमनी सहा नमुने कापले. सगळे चांगले निघाले. सहाशेच्या सहाशे सेट सुटले, आणि मंगळवारी बरोबर दोन हजार गेले. म्हणजे माझा आकडा खरा ठरला! त्याच दिवशी सक्सेना साहेबांचा मेल आला: भाग दोघांत निम्मा-निम्मा. आमच्या बत्तीसमधले सोळा महिनाअखेर कमी झाले. शिंदे त्यांत होता.

माझा संताप किती झाला म्हणून सांगू. मी कॅन्टीनमध्ये, चांगला मोठ्याने, म्हणालो, "एका माणसाला एक वाक्य एक दिवस पोटात ठेवता आलं असतं, तर सोळा घरं चालू राहिली असती." मॅडम तिथे नव्हत्या. पण शेजारच्या टेबलावर वेल्डिंगची माणसं जेवत होती. संध्याकाळपर्यंत ते वाक्य सगळ्या शॉपमध्ये फिरलं. त्यानंतर मॅडम लाइनवर गेल्या की माणसं गप्प व्हायची. कुणी वाईट बोलायचं नाही. फक्त गप्प व्हायची.

मी बसमध्ये पुढे, ड्रायव्हरच्या मागे बसायला लागलो. मागे खेळ बंद पडला. आठ महिने मी त्या चौकातली गर्दी पुढच्या काचेतून बघितली आणि स्वतःला अन्याय झालेला मोठा माणूस समजत राहिलो.

मग पुरवठादारांचा एक मेळावा झाला. जेवणाच्या रांगेत सक्सेना साहेब माझ्यामागे. हातात ताट, वाढप्याकडे लक्ष. सहज बोलावं तसे म्हणाले, "पाटणेजी, उस दिन आप चौदासौ बोलते ना, तो पूरा पार्ट आपका था. दूसरेवाला तो ग्यारासौ पे अटका था."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. मी विचारलं, "मग निम्मा का केला?"

"पहला आदमी दो हजार बोलता है, आखरी चौदासौ. मैं किसके भरोसे अपनी लाइन चलाऊँ? इसलिए आधा उधर रखा." मग ताटात भात घेत म्हणाले, "मॅडम को तो मैंने उसी दिन जाते-जाते बता दिया था. उन्होंने नहीं बोला?"

मी जेवलो नाही. ताट तसंच ठेवून बाहेर येऊन उभा राहिलो. बत्तीस माणसांच्या भल्यासाठी मी जो आकडा फुगवला, त्याच आकड्याने सोळा घालवली होती. खरा आकडा माझ्या खिशात होता, तो जिंकणारा होता, आणि मी तो दाखवलाच नव्हता. वर आळ घातला त्या एकट्या बाईवर, जी खरं बोलली.

दुसऱ्या सकाळी मी बसमध्ये शेवटच्या बाकावर जाऊन बसलो. साळुंखे मामांनी सरकून मला खिडकी दिली. मी मॅडमना म्हटलं, "सक्सेना भेटले होते."

"हं."

"तुम्हाला माहीत होतं. आठ महिने. मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवसापासून तुम्ही पहिल्या खुर्चीवर बसून तोंड उघडलं नसतं, सर. आणि कुणाला तरी पहिलं बोलावंच लागतं."

"पण लोक तुम्हाला..."

"ते मला कळतंय."

मी माफी मागितली. ती त्यांनी घेतली की नाही, मला आजही नक्की सांगता येणार नाही. काही वेळाने त्यांनी पिशवीतून पत्ते काढले आणि मामांच्या हातात दिले. मामा वाटायला लागले तेव्हा मॅडम म्हणाल्या, "सर, एक गोष्ट मात्र मी तुमच्यापासून लपवली. पोकरमध्ये वाटणारा दर डावाला बदलतो. त्यामुळे पहिलं बोलणाराही बदलतो. तुम्ही दोन वर्षं उगाचच पहिले बोललात."

मामा थांबले. "म्हणजे मी चुकीचं वाटत होतो?"

"तुम्ही बरोबर वाटत होतात, मामा. फक्त जागचे हलत नव्हतात."

मी विचारलं, मग आधी का नाही सांगितलं? मॅडम पहिल्यांदा हसल्या. "मी जिंकत होते ना."

त्यानंतर मी पहिल्या खुर्चीवरून खराच आकडा सांगायला लागलो. "नक्की सहाशे. वर दोनशे ही नुसती आशा." सुरुवातीला साहेब वैतागले. पण एक गंमत झाली. मी आधीच खरं सांगितलं की मामांना पत्रा लपवून ठेवावा लागेना, आणि बोऱ्हाडेला मशीन बंद असल्याचं सांगावं लागेना. शेवटी मॅडम नुसत्या म्हणायच्या, "बरोबर आहे." वर्षभराने नवा भाग मिळाला, तेव्हा सोळांपैकी अकरा जणांना बोऱ्हाडेने फोन करून परत आणलं. पाच जण तोवर दुसरीकडे लागले होते. शिंदे त्या पाचांत.

एक काम मात्र मी केलं नाही. सक्सेना काय म्हणाले ते मी साहेबांना सांगितलं, बोऱ्हाडेला सांगितलं. बोऱ्हाडे म्हणाला, "शॉपमधी बी सांगा की, साहेब." मी म्हटलं, सांगतो. आणि ते उद्यावर ढकललं. प्लॅनिंगवाल्याला उद्यावर ढकलायला शिकवावं लागत नाही. कॅन्टीनमध्ये मोठ्याने बोलायला मला एक मिनिट लागलं होतं. ते त्याच कॅन्टीनमध्ये मागे घ्यायला मी निवृत्त होईपर्यंत वेळ मिळाला नाही.

निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. आता मी मोशीत राहतो. आमच्या सोसायटीच्या फाटकाशी सकाळी शाळेची एक व्हॅन थांबते. चालवतो शिंदे. पहिल्या दिवशी त्याने मला ओळखलं आणि खिडकीतून ओरडला, "साहेब, आज किती?" मला एवढा आनंद झाला की मी म्हणालो, "आज शून्य, शिंदे. आणि शून्याचे शून्य पूर्ण करणार!" तेव्हापासून रोज तो विचारायचा, मी रोज काहीतरी उत्तर द्यायचो. नातवाला सोडायला जायचं निमित्त, पण खरं तर मी त्या प्रश्नासाठी खाली उतरायचो.

शिंदेची लेक डिप्लोमा झाली. मेकॅनिकल. या जूनमध्ये आमच्या कंपनीत क्वालिटीसाठी जागा निघाली. मी शिंदेला म्हटलं, तिला अर्ज करायला सांग. अर्ज झाला, मुलाखतीचं बोलावणं आलं. दोन दिवसांनी शिंदे म्हणाला, "न्हाई पाठवत."

"का रे?"

"तिथं आता गायकवाड मॅडम प्लांट हेड हायेत म्हणं. त्या बाईनं आमच्या पोटावर पाय दिला, साहेब. तुम्हीच तर म्हणला होता. तिच्या हाताखाली माझी लेक न्हाई जायची."

व्हॅनमध्ये सात-आठ मुलं होती. कुणीतरी दप्तरावरून भांडत होतं. मुलाखत दुसऱ्या दिवशी होती, म्हणजे उद्यावर ढकलायला उद्या उरला नव्हता. मी म्हणालो, "शिंदे, मुलांना सोडून परत इथेच ये. मी थांबतो."

तो आला. मी फाटकाशीच त्याला सगळं सांगितलं. चौदाशे, दोन हजार, सक्सेना, कॅन्टीन. माझं तिथलं एक वाक्य मॅडमच्या अंगाला कसं चिकटलं, तेही सांगितलं. सांगताना आशेचे दोनशे मी कुठेच वर लावले नाहीत.

शिंदे ऐकत होता. संपल्यावर त्याने बराच वेळ व्हॅनच्या बोनेटवरची धूळ हाताने पुसली. मग म्हणाला, "म्हंजे त्या मॅडमला आमी इतकी वरसं..." आणि खिशातून पेन काढलं. म्हणाला, "त्यांचा नंबर हाय का तुमच्याकडं?" मी दिला. त्याने तो माझ्याकडे न बघता लिहून घेतला.

मुलगी मुलाखतीला गेली. निवड झाली. निगडीला बस पकडते. आता देहूरोडहून येणाऱ्या बसमध्ये पत्ते कुणी खेळत नाही, सगळे मोबाइलमध्ये असतात, असं तिने आमच्या हिला सांगितलं. सकाळच्या मीटिंगला रोज वेगळी खुर्ची आधी बोलते, हेही तिनेच सांगितलं. मॅडमनी तसा नियमच केला आहे.

शिंदेची व्हॅन अजून रोज येते. मी नातवाला घेऊन खाली उतरतो. शिंदे दार उघडतो, पोराचं दप्तर घेतो, मला मान डोलावून नमस्कार करतो. मी आकडा तयार ठेवलेला असतो.

तो विचारत नाही.